जबाबदारी कोण घेणार?

या वेळचं संपादकीय एका प्रश्नाबद्दल आहे. गेल्या वर्षभरात बिडकीनमध्ये हा प्रश्न मी चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला आणि, सांगायला लाज वाटते, एकदा माझ्याही तोंडून. प्रश्न साधा आहे : "उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?"

ज्या मुलीमुळे हा प्रश्न निघाला ती पंधरा वर्षांची. नववीत शिकते, खो-खो खेळते. तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहायचं की नाही हे आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली, "माझ्या टीममधल्या पोरींना माहीत आहे, तेवढं बस झालं ताई. छापायला नको." तिच्या आजाराविषयी तिच्या मताला किंमत देण्याचे प्रसंग फार थोडे आले. हा त्यातला एक, म्हणून तो पाळते आहे.

बिडकीन हे पैठण रस्त्यावरचं मोठं गाव. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी इथली हजारो एकर जमीन गेली आणि शेताच्या जागी रुंद रस्ते, विजेचे खांब आणि कारखान्यांचे फलक आले. या मुलीच्या घरचीही जमीन गेली. मोबदला आला, त्यातून पक्कं घर झालं, मोठ्या भावाची गाडी झाली. सातबाऱ्यावर आईचं नाव नव्हतं, त्यामुळे पैशाच्या हिशेबातही ती नव्हती. ती आजही कापूस वेचायला आणि मोसंबीच्या बागेत रोजाने जाते. हे आधीच सांगते, कारण पुढे पैशाचा प्रश्न येणार आहे.

दिवाळीनंतर मुलगी वाळायला लागली. सगळे म्हणाले, पळते ना, म्हणून. क्रीडाशिक्षकांना वाटलं, बरंच झालं, अंग हलकं झालं, चपळाई वाढेल. ती तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठायची आणि अंधारात एकटीला जायची भीती, म्हणून प्रत्येक वेळी आईला उठवायची. आईला शंका आली ती भलतीच. वयात आलेली पोर, रात्री सारखी उठते, खरं काय ते सांगत नाही! मुलीच्या बाबतीत आपल्या मनात आधी कुठली शंका येते, हेही एकदा आपण सगळ्यांनी तपासून पाहावं.

मग उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, श्वास खोल आणि जोरात चालू लागला. एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, तेही ग्लुकोजचं. रात्री ती बेशुद्धीकडे झुकली तेव्हा शेजारच्या जीपमधून शहरात नेलं. मोठ्या सरकारी रुग्णालयात पहिली तपासणी रक्तातल्या साखरेची झाली आणि निदान झालं. टाईप १ मधुमेह. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून पोर वाचली.

आपल्याकडे शुगर म्हटलं की पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस डोळ्यासमोर येतो. हा आजार तो नव्हे. यात शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईने गरोदरपणी काही चुकीचं खाल्ल्याने होत नाही, नजर लागल्याने तर नाहीच. इन्सुलिनशिवाय खाल्लेलं अन्न शरीराला वापरता येत नाही. रक्तात साखर साचते आणि माणूस मात्र उपाशीच राहतो. गोळ्यांनी, कारल्याच्या रसाने किंवा कुठल्या महाराजांच्या औषधाने हा आजार बरा होत नाही. इन्सुलिन रोज आणि जन्मभर घ्यावंच लागतं. ते बंद केलं तर काही दिवसांतच जीव जातो. आपल्या गटांतल्या प्रत्येकीला हे पाठ असलं पाहिजे, कारण 'बघू चार दिवस बंद करून' असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक गावात असतं.

घरी आल्यावर बैठक बसली. मलाही बोलावलं होतं. काकांचं म्हणणं स्पष्ट होतं : "बाहेर कुणाला कळता कामा नये. उद्या लग्नाचं बघायचंय. आणि तो खेळ आधी बंद करा. मैदानात पडली बिडली तर जबाबदारी कोण घेणार?" आजी म्हणाली, सुई टोचायची तर दार लावून टोचा. वडील गप्प होते. आईने मला विचारलं, "ताई, हिला खेळू द्यायचं का नाही, तेवढं सांगा." शाळेने तर विचारलंही नाही. संघाच्या यादीतून नाव काढून टाकलं आणि विचारल्यावर तेच उत्तर मिळालं, जबाबदारी कोण घेणार?

आणि मी? मी समाजकार्याची पदवी घेतलेली, दहा-बारा वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी कार्यकर्ती. आईला सगळी माहिती दिली, वहीत नोंद केली आणि मुलीकडे न बघताच सांगून मोकळी झाले, "वर्षभर थांबू दे, तब्येत सुधारली की बघू. आत्ता काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. निघताना माझ्यामागे दारापर्यंत आली. "ताई, मला वर्षभर थांबायला सांगितलंत. शुगर थांबणार आहे का वर्षभराने?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्या आजाराला शेवट नाही, त्याच्यापुढे 'बरी होईपर्यंत थांब' याचा अर्थ 'कायमची थांब' एवढाच होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण विचार केला नव्हता. सुरक्षिततेच्या नावाने मुलींना घरात बसवणाऱ्यांशी आपण भांडतो. या वेळी मीच ते काम केलं होतं.

त्यानंतर मी वाचायला लागले, डॉक्टरांना भेटले, अशा मुलांच्या आयांना भेटले. गॅरी हॉल नावाच्या अमेरिकन जलतरणपटूला १९९९ साली हाच आजार झाला. आता स्पर्धा विसर, असं त्याला सांगण्यात आलं. मग त्याला ॲन पीटर्स नावाच्या बाई डॉक्टर भेटल्या. त्यांनी त्याला मैदान सोडायला सांगितलं नाही, पोहतानाच साखर कशी सांभाळायची ते शिकवलं. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याने पन्नास मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं आणि २००४ साली अथेन्सला पुन्हा मिळवलं. वासिम अक्रमला १९९७ साली मधुमेह निघाला, तेव्हा तो तिशीचा होता. त्यानंतर २००३ च्या विश्वचषकापर्यंत तो इन्सुलिन घेऊन गोलंदाजी करत होता. काकांना ॲन पीटर्सबाईंचं काही वाटलं नाही, पण वासिम अक्रमचं नाव काढल्यावर ते जरा सरळ होऊन बसले. असो. ज्या दाराने आत जाता येईल त्या दाराने जावं.

पण पदकांच्या गोष्टींपेक्षा मला जास्त अस्वस्थ केलं ते एलिझाबेथ ह्यूजेस या मुलीच्या गोष्टीने. ती अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. १९२२ साली, इन्सुलिनचा शोध अगदी नवा असताना, तिला टोरांटोला नेलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होत होती आणि वजन होतं जेमतेम वीस किलो. त्या काळी उपासमार हाच या आजारावरचा उपाय होता. इन्सुलिन मिळालं आणि ती १९८१ पर्यंत, त्र्याहत्तर वर्षं जगली. सुमारे ४२ हजार इंजेक्शनं तिने आयुष्यात घेतली. आणि हे सगळं तिने जन्मभर लोकांपासून दडवून ठेवलं. इतक्या मोठ्या घरातल्या, शिकल्यासवरल्या बाईलाही आपला आजार लपवावासा वाटला! आपल्या आजीचं 'दार लावून टोचा' हे काही फक्त बिडकीनचं अज्ञान नव्हे.

आजही ते संपलेलं नाही. जर्मनीचा टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्ह लहानपणापासून टाईप १ घेऊन खेळतो. त्याने ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं आहे. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याला कोर्टवर इन्सुलिन घेऊ नकोस, बाहेर जाऊन घे, असं सांगण्यात आलं. त्याने जाहीरपणे तक्रार केली तेव्हा नियम बदलला. तो नामांकित पुरुष खेळाडू होता म्हणून जगाने ऐकलं. आमची मुलगी तेव्हा शाळेच्या संडासात उभं राहून इंजेक्शन घेत होती. कडी मोडकी, म्हणून पाठीने दार दाबून धरलेलं आणि सुई पोटात. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, मला जे कळलं ते एवढंच. या आजारात खेळण्यापेक्षा लपवण्यात जास्त धोका आहे. पळताना स्नायू साखर वापरतात, अंगात इन्सुलिन असतंच, त्यामुळे रक्तातली साखर एकदम उतरू शकते. हात थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यापुढे अंधारी येते, मुलगी चिडते किंवा भलतंच बोलते. जवळच्यांना माहीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला देणं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा साखर तपासणं, एवढाच उपाय आहे. तो कुठल्याही घरात होतो. माहीत नसेल तर लोक म्हणतात, दमली, झोपू द्या. आणि ती झोप शेवटची ठरू शकते. म्हणजे तिचा जीव मैदानावरच्या बाकीच्या मुलींना माहिती आहे की नाही यावर अवलंबून आहे. लग्नासाठी म्हणून ज्या गोष्टीवर आपण पांघरूण घालतो, तीच गोष्ट उघडपणे बोलली गेली तर पोर जगते.

म्हणून आम्ही सुरुवात मुलीपासून केली. या वेळी आधी तिलाच विचारलं, कुणाला सांगायचं? तिने संघातल्या अकरा जणींची नावं सांगितली. एका रविवारी त्या सगळ्या तिच्या ओट्यावर बसल्या. तिने स्वतःच्या बोटाला सुई टोचून, पट्टीवर रक्त घेऊन आकडा दाखवला. दोघी-तिघींनी आपलंही बोट पुढे केलं. चिकटतो का गं, असं एकीने विचारलं. नाही, असं तिनेच सांगितलं. अर्ध्या तासात काम झालं. मोठ्या माणसांच्या बैठकीला तीन महिने लागले होते.

मग नियम ठरले, डॉक्टरांना विचारून. सरावाआधी साखर तपासायची. नव्वदच्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं, मगच मैदान. अडीचशेच्या वर असेल आणि लघवीत कीटोन दिसत असतील, तर त्या दिवशी पळायचं नाही, आधी उपचार. फार पळणं झालं तर त्या रात्री झोपण्याआधी पुन्हा तपासायचं, कारण साखर पुढे कित्येक तासांनी, झोपेतही उतरते. पाळीच्या आधी आकडे वर जातात असं तिला वहीतल्या नोंदीवरून दिसलं. अनेकींच्या बाबतीत असं होतं, पण याबद्दल तिच्याशी आधी कुणी बोललंच नव्हतं. ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि नवरात्र असो की हरतालिका, मनाने कडक उपवास धरायचा नाही. हे शेवटचं आजीने कबूल करायला सगळ्यात जास्त वेळ घेतला. शेवटी ती म्हणाली, "तिच्या वाटचा मी धरते." यावर मी काही बोलले नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि वीज कधीही जाते. चालू असलेली इन्सुलिनची बाटली आई एका मातीच्या मडक्यात ठेवते. ते मडकं दुसऱ्या मोठ्या मडक्यात, मध्ये ओली वाळू. फ्रिज असला तर खालच्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र चुकूनही नाही, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

आता पैशाचं. साखर तपासायची एक पट्टी साधारण पंधरा-वीस रुपयांना पडते. दिवसातून चार वेळा तपासायचं म्हटलं तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास खर्च फक्त पट्ट्यांचा. म्हणजे आईच्या सहा-सात दिवसांच्या मजुरीचे पैसे. ज्या घरात मोबदल्याच्या रकमेतून गाडी आली, त्या घरात पट्ट्यांचे पैसे मात्र आईच्या रोजातून जात होते. गटाच्या दोघी-तिघी जणी वडिलांशी बोलल्या, भांडल्या म्हटलं तरी चालेल. आता निम्मा खर्च वडील आणि भाऊ देतात. ही काही क्रांती नव्हे. पण 'तुझ्या पोरीचं औषध' हा शब्द त्या घरात बदलला, 'आपल्या पोरीचं' झाला. फ्रेडरिक बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले होते, कारण कुणी त्यावर मक्तेदारी करू नये अशी त्यांची इच्छा होती. त्याला शंभर वर्षं उलटली, तरी मजूर आईला आजही हिशेब करावाच लागतो.

शाळेशी बोलायला आम्ही रिकाम्या हाताने गेलो नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली याबद्दल राज्यांना लिहिलं आहे. टाईप १ असलेल्या मुलाला वर्गात किंवा परीक्षेत साखर तपासता आली पाहिजे, इन्सुलिन घेता आलं पाहिजे, मधल्या वेळी खाता आलं पाहिजे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळात भाग घेता आला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. ते वाचून दाखवल्यावर सूर बदलला. आता शिक्षकांच्या खोलीतल्या एका कपाटात तिचा डबा असतो : साखर, बिस्किटं, यंत्र, घरचे आणि डॉक्टरांचे फोन नंबर. इंजेक्शन ती तिथेच, खुर्चीवर बसून घेते. क्रीडाशिक्षकांनी यादीत नाव पुन्हा घातलं. खरं सांगायचं तर ते वाईट गृहस्थ नव्हते, घाबरलेले होते. त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं.

पावसाळ्यानंतरच्या सरावात एकदा ती पाटीवर बसलेली होती. मागून खो मिळाला आणि ती उठलीच नाही. नुसती बघत राहिली. पूर्वी असतं तर शिट्टी वाजून ओरडा बसला असता. शेजारच्या मुलीने डाव सोडला, तिचा चेहरा पाहिला आणि धावत जाऊन डबा आणला. वीस मिनिटांनी ती बोलायला लागली. त्या दिवशी तिला परत खेळवलं नाही, घरी एकटीला सोडलं नाही, रात्री आईने दोनदा उठून साखर पाहिली. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा म्हणालेच, "मी सांगत नव्हतो?" तेव्हा आईने उत्तर दिलं. मी तिथे नव्हते, तिनेच नंतर सांगितलं. ती म्हणाली, "घरात अंथरुणात असं झालं असतं भाऊजी, तर कुणाला कळलं असतं? तिथं अकरा जणी होत्या."

विभागीय संघात तिची निवड झाली नाही. तिच्यापेक्षा दोघी चांगल्या खेळल्या, असं तीच सांगते. पुढच्या वर्षी बघू म्हणते. पुढे खरंच वरच्या पातळीवर गेली तर आणखी एक गोष्ट लागेल. इन्सुलिन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. ज्याला ते औषध म्हणून लागतं त्याला वैद्यकीय कारणासाठीची सूट मागता येते, पण त्याचा अर्ज कागदपत्रांसह करावा लागतो. खेड्यातल्या किती प्रशिक्षकांना हे माहीत असेल? न कळता एखादी मुलगी दोषी ठरायची.

म्हणून काही मागण्या आणि काही कामं. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या मोफत आणि खंड न पडता मिळाल्या पाहिजेत, यासाठी आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत निवेदनं गेली पाहिजेत. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. खूप तहान, खूप लघवी, उगाच घटलेलं वजन, या तीन गोष्टी प्रत्येक मुलाला विचारल्या जाव्यात. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी बोटातलं रक्त तपासलं जावं. क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात याचा एक तास असावा. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था टाईप १ असलेल्या मुलांसाठी काम करते. आपापल्या भागात अशी कामं शोधा, मुलींना तिथे पोचवा. आपल्यासारखी दुसरी मुलगी डोळ्यांनी पाहिली की अर्धी भीती जाते.

आणि एक काम आपल्या आपल्यात करायचं. लग्नाच्या बोलण्यात हा आजार लपवू नका, आणि उघड सांगितल्यावर मोडलेल्या लग्नाची लाज मुलीच्या पदरात घालू नका. इन्सुलिन घेणारी मुलगी शिकू शकते, कमावू शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आई होऊ शकते, आणि लग्न न करताही सुखाने राहू शकते.

जबाबदारी कोण घेणार, या प्रश्नाचं उत्तर एका माणसात शोधत होतो, म्हणून ते सापडत नव्हतं. एकट्या आईवर टाकली तर आई मोडते. एकट्या मुलीवर टाकली तर ती संडासात जाऊन सुई टोचते. बारा जणींत वाटली तर ती साखरेच्या डब्याएवढी होते.

तुमच्या गावात, वस्तीत, गटात अशी कुणी मुलगी असेल. नसेल असं वाटत असेल, तर कदाचित ती दार लावून बसलेली असेल. तिच्याशी बोला. आधी तिला विचारा, मग बाकीच्यांना. आणि काय झालं ते आम्हाला कळवा, चुकलं असेल तर तेही. माझं चुकलेलं मी वर लिहिलंच आहे.